तारेतून काढलेला एक शब्द

फिरतीची नोकरी करणाऱ्यांसाठी मी एक पत्रक छापलं होतं. एकच पान, दोन्ही बाजूंनी. झाशी स्टेशनच्या तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात उभा राहून मी ते स्वतः वाटलं. त्यात अकरा सूचना होत्या आणि एकही माझी नव्हती. सगळ्या मामाच्या. मामा सव्वीस वर्षं पुण्याच्या एका पाट्या-पेन्सिलींच्या कंपनीचा फिरता एजंट होता. झाशी, ललितपूर, महोबा, बांदा, इकडे भोपाळपर्यंत, शाळेच्या पोराच्या हातात जी दगडी पाटी दिसे ती बहुधा मामाच्या ट्रंकेतला नमुना बघून मागवलेली असे.

नमुन्यांची पेटी उशाला घ्या, पायाशी नको. पायाला चोर कळत नाही. धर्मशाळेत खोली बघण्याआधी विहीर बघा. पाणी भरायला उतरायचं तर इंजिन पाणी घेत असेल तेव्हाच उतरा, ते तुमच्याआधी निघणार नाही. गिऱ्हाइकाच्या दुकानात पहिल्या दिवशी पेटी उघडू नका. बसा, पाणी प्या, त्याच्या आईची चौकशी करा. अशा त्या सूचना. लोकांनी वाचल्या, कुणी त्यात भजी बांधली. मला राग आला नाही. पत्रकाचं तेच होतं.

बारावी सूचना मात्र त्यात नव्हती. ती नंतर आली, आणि ती आली कशी हे सांगायला हे लिहितो आहे. माझा दोष आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कंपनीवर तोंड सोडलं की कुणी म्हणायला नको, हा स्वतःचं झाकतोय.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मामाच्या हाताखाली उमेदवारी करत होतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढत होतो. मुसाफिरखान्यात बाकं का नाहीत? तिसऱ्या वर्गाचा नळ कोरडा का? अशी. मला ज्यांनी पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा पहिला धडा होता: ज्या शब्दावाचून चालतं तो शब्द फुकट जागा खातो, त्याला हाकला. मी शब्द हाकलण्यात पटाईत झालो होतो. चार ओळींची दीड ओळ करायचो आणि छाती काढून फिरायचो.

त्या वर्षी बांद्याच्या एका दुकानदाराकडे पाट्यांच्या पेट्या फुटून गेल्या. कंपनी म्हणे, रेल्वेने आपटल्या. दुकानदार म्हणे, तुम्ही गवत कमी घातलंत. त्याने वकील गाठला, दावा लावला, सोमवारची पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, पडली. मामा तीनदा बांद्याला गेला. पहिल्या खेपेला पेटीचं नावही काढलं नाही, दुकानदाराच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून परत आला. तिसऱ्या खेपेला तडजोड झाली. कंपनीने दोन पेट्या बदलून द्यायच्या, दुकानदाराने दावा पुढे न्यायचा नाही. कचेरीबाहेरच्या लिखाण करणाऱ्याकडून उर्दूत कागद झाला, दुकानदाराने सही केली. राहिली फक्त पुण्याची मंजुरी.

अशा कागदाला आमच्याकडे राजीनामा म्हणतात.

इथे पुण्या-साताऱ्याकडचा वाचक थबकेल. थबकावंच. तुमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. आमच्याकडे, झाशीत, कचेरीत आणि बाजारात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद, समेट. आम्ही खंडेराव गेटच्या आतले मराठी. आमचे पूर्वज घोड्यावरून आले आणि इथेच राहिले. आमची मराठी घरात जुनी आणि दारात हिंदी. माझी मामी धाकट्या जावेशी भांडली आणि चार दिवसांनी दोघी शेजारी पापड लाटायला बसल्या की आम्ही म्हणायचो, झाला बुवा राजीनामा! दुसरा अर्थ मी पुस्तकात वाचला नव्हता असं नाही. पण वाचलेला अर्थ आणि तोंडातला अर्थ वेगळ्या खोल्यांत राहतात, आणि घाईत माणूस तोंडातल्या खोलीचंच दार उघडतो.

घाई होतीच. मामा गुरुवारी दुपारी बांद्याच्या गाडीने झाशीला उतरला आणि समोरच्या फलाटावरची भोपाळकडची गाडी पकडायला धावला. मी जेवणाचा डबा घेऊन उभा होतो. खिडकीतून डबा घेता घेता त्याने मला सांगितलं, "लिही. बांद्याच्या दुकानदाराचा राजीनामा तयार आहे, कागद टपालाने पाठवला आहे, मंजुरी तारेने कळवा. माझ्या नावाने कर. आत्ता जा."

"जातो."

"आणि डब्यात लोणचं आहे का?"

"आहे."

गाडी हलली. मी तारघरात गेलो. तार रोमन अक्षरांत जायची, भाषा कुठलीही चालायची. मी मामाचं वाक्य लिहून काढलं आणि माझा हात शिवशिवायला लागला. 'बांद्याच्या' कशाला? पुण्याला दुसरी कुठली भानगड माहीत होती? 'दुकानदाराचा' कशाला? राजीनामा दुकानदाराचाच असणार, आमचा कसा असेल? काढ. तार गेली ती अशी: राजीनामा तयार. कागद टपालाने. मंजुरी कळवा. खाली मामाचं नाव.

तारबाबू वाचून म्हणाला, "वाह भैया, एकदम टाइट."

मी फुललो. लाज वाटते लिहायला, पण फुललो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. राजीनामा मंजूर. नमुने परत पाठवा.

मामा शनिवारी घरी आला तेव्हा मी तार फडकवतच दारात उभा होतो. मामाने वाचली, टोपी काढली, मामीला म्हणाला, "ऐकलंस का? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पुण्याने एका दिवसात काही मंजूर केलं." मामीने शिरा केला. मामाने बांद्याला कळवलं की कंपनी राजी आहे; दुकानदाराने पेशी महिनाभर पुढे घेतली, तोवर नव्या पेट्या यायच्या होत्या.

"पण नमुने परत म्हणजे कसले नमुने?" मी विचारलं.

मामाने विचार केला. "फुटक्या पाट्यांचे असतील. खात्री करून घेणार. बरोबरच आहे."

मामा चार फुटक्या पाट्या बांद्याहून घेऊनच आला होता. त्याने त्यांतली एक टाकली, ती नीट फुटली नव्हती म्हणे. उरलेल्या तीन त्याने गवतात, मग गोणपाटात, मग पेटीत अशा बांधल्या आणि मला म्हणाला, "बघून ठेव. पाटी आडवी कधी बांधायची नाही, उभी बांधायची. आडवी बांधली की वरचं सगळं ओझं तिच्या पोटावर येतं." फुटलेल्या पाट्या आणखी फुटू नयेत म्हणून हा माणूस अर्धा दिवस खपला. पार्सल गेलं.

मग आठ दिवसांनी पत्र आलं.

ते मीच उघडलं, मोठ्याने वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला अडखळलो. 'आपला नोकरीचा राजीनामा मंजूर करण्यात आला आहे. आपणांस नमुन्यांची ट्रंक परत पाठविण्यास लिहिले असता आपण रागाने फुटक्या पाट्या पाठविल्या, हे आपल्या वयास शोभत नाही. नवीन इसम लवकरच ट्रंक ताब्यात घेण्यास येईल.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मामी परातीत पीठ मळत होती, तिचा हात तसाच पिठात राहिला.

"कोणाची नोकरी?" ती म्हणाली.

मामाने पत्र हातात घेतलं. चष्मा लावला. सावकाश वाचलं. मग मला म्हणाला, "तारेची नक्कल आहे?"

होती. मी जपून ठेवली होती. इतकी छान जमली होती ना! मामाने ती पत्राशेजारी धरली.

"दुकानदाराचा कुठे गेला?"

"काढला."

"का?"

"जास्त होता."

मामाने दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि चष्मा काढला. बोलला असता तर बरं झालं असतं. बोलली मामी. "सव्वीस वर्षं माणूस गाडीत झोपला. कुणाला त्याला खाली उतरवता आलं नाही. भाच्याने एका तारेत आणून घरी बसवला."

हा माझा दोष. पुरा माझा. आता कंपनीचं ऐका.

सव्वीस वर्षांच्या माणसाचा राजीनामा तारेने येतो. काही तक्रार नाही, आदल्या महिन्यात कुरकुर नाही. तुम्ही काय कराल? निदान 'का' एवढं तरी विचाराल की नाही? एका अक्षराचा शब्द! त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मंजूर. जणू पुण्यात कुणी मंजुरीची तार खिशात घेऊनच हिंडत होतं. मला त्या चुकीच्या अर्थापेक्षा त्या घाईने जास्त हादरवलं, आणि अजून हादरवते. चूक आम्ही केली. आनंद त्यांना का झाला?

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'सव्वीस वर्षं आणि एक दिवस'. मामाने ते घेतलं, घडी केली आणि डुलणाऱ्या पाटाच्या पायाखाली घातलं.

"माझी नोकरी तुझ्या पत्रकी काटछाटीने गेली," तो म्हणाला, "पत्रकाने परत यायची नाही." आणि त्याने स्वतः पुण्याला पत्र लिहिलं. चार पानी. एकही शब्द न काढता. आमच्याकडे ह्या शब्दाचा अर्थ काय, कागद कसला, दुकानदार कोण, पेट्या केव्हा हव्यात, सगळं.

उत्तर आलं, ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकतो. 'राजीनामा ह्या शब्दाचा मराठीत एकच अर्थ आहे. मंजूर झालेला राजीनामा मागे घेता येत नाही. आपला उर्दूतील कागद येथे कोणास वाचता येत नसल्याने तो आपल्या नोकरीच्या कागदपत्रांत लावला आहे. बांद्याचे काम नवीन इसम पाहील.'

वाचता येत नाही म्हणून लावून टाकला! अहो, वाचता येत नाही तर वाचून घ्या. पुण्यात उर्दू जाणणारा माणूस मिळत नाही? टांगेवाल्याला विचारलं असतं तरी त्याने वाचून दिला असता. दुकानदाराची सही असलेला समेटाचा कागद माझ्या मामाचा नोकरी सोडल्याचा कागद म्हणून फायलीत बसला होता, आणि त्याला कुणी हात लावणार नव्हतं.

मामा त्या दिवसांत सकाळी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडे फिरायला जाऊ लागला. मी जन्मात त्याला नुसतं फिरायला गेलेलं बघितलं नव्हतं. परत आला की वेळापत्रक काढून बसायचा. कुठली गाडी कुठे असेल ते बोटाने बघायचा. मामी एकदा म्हणाली, "अहो, ठेवा ते." तो म्हणाला, "मऊरानीपूरला आली असेल आता." मी तिथून उठून गेलो.

मग नवीन इसम आला.

मी स्टेशनावर गेलो ते त्याला चार सुनवायलाच. वाक्यं तयार होती, धार लावलेली. गाडीतून उतरला एक अठ्ठावीसेक वर्षांचा बारका माणूस, नाक गळत होतं, वळकटी सुटलेली, आणि पहिलाच प्रश्न, "इथे प्यायचं पाणी कुठे मिळतं हो? दोन स्टेशनांवर उतरलो तर गाडी सुटायला लागली." त्याला हिंदी येत नव्हती. त्याला सांगितलं गेलं होतं की आधीचा एजंट म्हातारपणामुळे कंटाळून गेला. धार लावलेली वाक्यं सोडून मी त्याची वळकटी बांधायला बसलो.

घरी नेला. आणि मग जे झालं त्याने मला दुसऱ्यांदा धक्का बसला. मामाने त्याला पाट दिला, मामीने हळद घातलेलं दूध दिलं, आणि मामा ट्रंक मध्ये ठेवून त्याला शिकवायला बसला! इंजिन पाणी घेत असताना उतर. विहीर आधी बघ. बांद्याला टांगा स्टेशनासमोर करू नकोस, पिंपळापर्यंत चालत जा, तिथे सरळ माणसं असतात. पहिल्या दिवशी पेटी उघडू नकोस.

"आणि काका," नवा माणूस म्हणाला, "तो बांद्याचा दुकानदार फार तापट आहे म्हणतात."

"त्याच्या आईचा गुडघा दुखतो. आधी ते विचार."

मी मामाला बाहेर ओढलं. "तुझी नोकरी घ्यायला आलेल्या माणसाला तू नोकरी शिकवतोस?"

"मग काय, त्याला बांद्याच्या फलाटावर लुटू देऊ?"

"देऊ!"

"तू दे. तुझी ट्रंक नाही ती." आणि आत गेला. मी अंगणात उभा राहिलो. मला पेटायचं होतं आणि काडी ओढायला कुणी जागाच देत नव्हतं.

नवा माणूस बांद्याला गेला. तिथे काय घडलं ते त्याने परत येऊन सांगितलं, आणि सांगताना तो रडकुंडीला आला होता, तरी मामी पदर तोंडाला लावून हसत होती. तिकडे मामाला सगळे पंडितजी म्हणत. त्याने येईल त्या हिंदीत दुकानदाराला सांगितलं, "पंडितजी ने राजीनामा दिया है."

दुकानदार म्हणाला, "हाँ भैया, दिया. हमने भी दिया."

"आपने? आपने क्यों दिया?"

"अरे, एक आदमी थोड़े देता है! दोनों देते हैं, तभी तो राजीनामा होता है."

नव्या माणसाला वाटलं, दुकानदारही कुठली नोकरी सोडून बसला आहे. तो म्हणाला, फार वाईट झालं. दुकानदार म्हणाला, वाईट काय, चांगलं झालं, पण पेट्या कुठे आहेत? अर्धा तास हे चाललं. शेवटी दुकानदाराच्या मुनीमाने दोघांना कागदाची नक्कल वाचून दाखवली, आणि नव्या माणसाने, त्याचं भलं होवो, खरं काय ते सांगून टाकलं: पंडितजींना काढलंय, पेट्या निघालेल्याच नाहीत.

दुकानदार उठून उभा राहिला. म्हणाला, कागद मी कंपनीच्या तोंडाकडे बघून केला नाही, पंडितजींच्या तोंडाकडे बघून केला. ते नाहीत तर कागदही नाही. पेशीला भेटू.

नव्या माणसाने बांद्याहूनच पुण्याला तार केली. त्याने शब्द वाचवले नाहीत. कोण, कोणाचा, कशाचा, सगळं लिहिलं. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याने पत्रकं काढली नव्हती एवढंच.

दोन दिवसांनी आमच्या दारात तारवाला. मामाच्या नावाने तार. मी फोडली. त्यात दोन शब्द होते.

राजीनामा नामंजूर.

नवा माणूस टाळी वाजवणार होता. मीही. मामाने हात वर केला. "थांबा. कोणाचा?"

मी तार परत वाचली. खरंच, कोणाचा? मामाचा नामंजूर, म्हणजे नोकरी परत? की दुकानदाराचा नामंजूर, म्हणजे समेट गेला आणि कंपनी कोर्टात उभी राहणार? एवढं सगळं होऊनसुद्धा पुण्याच्या त्या शहाण्यांनी तोच एक शब्द खाल्ला होता! मी कागद उलटा करून बघितला, मागे काही लिहिलंय का.

मामा टोपी घालून स्टेशनावर गेला, बरोबर मी. त्याने फॉर्म मागितला आणि एकच शब्द लिहिला. कोणाचा?

तारबाबू म्हणाला, "पंडितजी, बस इतना? उतने ही दाम में कई शब्द और जाते हैं."

"इतना ही नहीं गया था," मामा म्हणाला, "उसी का सब झगड़ा है."

संध्याकाळी उत्तर आलं. तुमचा नामंजूर. बांद्याचा मंजूर. पेट्या निघाल्या.

माफी नव्हती. दिलगिरी नव्हती. मामाला महिनाभर लक्ष्मी तालाला चकरा मारायला लावल्या त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, जाऊ नकोस. आधी लेखी माफी माग. मी छापतो. नव्या माणसाला ललितपूरची बाजू दिली होती, तोसुद्धा मान हलवत होता.

मामा ट्रंक भरत होता. पाट्या उभ्या. "माफी कुठल्या गाडीने येणार आहे?" तो म्हणाला. "बांद्याची अकराला सुटते."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं." त्याने दोन्ही कुलपं लावली आणि किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत टाकल्या. "मला विचारलं असतं ना त्यांनी, तू राजी आहेस का म्हणून, तर मी सांगितलं असतं. राजी नव्हतो. तेव्हाही नव्हतो, आत्ताही फार नाही. पण त्या दुकानदाराने माझ्या तोंडाकडे बघून सही केली."

तो गेला. मी फलाटावर तसाच उभा, आणि खरं सांगतो, मला आजवर समजलेलं नाही की त्या दिवशी जिंकलं कोण.

पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. मी बारावी सूचना लिहिली: 'महत्त्वाची तार दुसऱ्यास लिहावयास देऊ नये.' प्रूफ मामाला दाखवलं. तो जेवत होता. डाव्या हाताने पेन्सिल घेतली, एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

मी ते तसंच छापलं. झाशी स्टेशनावर अजून कुणाकडे जुनी प्रत असेल तर बघा. बाराव्या सूचनेत 'दुसऱ्यास' नाही. 'भाच्यास' आहे.